‘मी आलो’ की ‘मी आले’?

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच विषयावरची निघाली, आणि त्यातली तीन चक्क डॉक्टरांची. विषय आहे, आपण मुलगा किंवा मुलगी म्हणून जन्मलो ते आपल्याला लागू पडत नाही, असं सांगणारी किशोरवयीन मुलं आणि त्यांच्यासमोर गोंधळणारे आम्ही. माझा स्वतःचा कोथरूडमधला बालरोगाचा दवाखाना ३१ वर्षांचा आहे. गेली १२ वर्षं गुरुवारची दुपार मी फक्त दहा ते अठरा वयाच्या मुलांसाठी ठेवते. तेवढ्याच अनुभवावर लिहिते आहे. पत्रं कापून दिली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी सिंहगड रस्त्यावर २२ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. गेल्या महिन्यात चौदा वर्षांच्या एका मुलीने आईला बाहेर बसायला सांगितलं आणि म्हणाली, “काका, मी मुलगी नाहीये.” तिला मी लहानपणापासून ओळखतो. मला काही सुचेना. व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम लिहून दिलं आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. तोवर मी काय शिकू, कुठे शिकू?

उत्तर : व्हिटॅमिन डी लिहिलंत, ठीक आहे. मी याहून वाईट लिहिलं होतं.

२००८ ची गोष्ट. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आई आली. मुलगी फ्रॉक घालत नाही, केस कापायचा हट्ट धरते, स्वतःला मुलग्याच्या नावाने हाक मारायला लावते. मी पाच मिनिटांत निकाल दिला: “वय आहे, जाईल. कथ्थकचा क्लास लावा.” २०१९ मध्ये बहिणीच्या बाळाला लस द्यायला एक दाढीवाला तरुण आला. बाळ रडून शांत झाल्यावर म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही मला कथ्थकला घातलं होतंत. चार वर्षं.” मला खुर्चीत बसवेना. तोच हसला आणि म्हणाला, “ताल पक्का झाला पण. आता पथकात ढोल वाजवतो.” (ही हकिगत त्याच्या परवानगीने लिहिते आहे. दाढीचा उल्लेख ठेवाच, असंही तो म्हणाला.)

माझी चूक ‘जाईल’ म्हणण्यात नव्हती. त्या वयातल्या काही मुलांचं खरंच जातं, काहींचं राहतं, आणि नवव्या वर्षी कुणाचं काय होईल हे मला तेव्हा कळत नव्हतं, आजही कळत नाही. चूक अशी की मी त्या मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. सगळं आईशी बोलले.

आता शिकण्याचं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते कसे जमतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. रविवारी हॉटेलात सीएमई, म्हणजे डॉक्टरांची शिक्षणसभा, सकाळी सही, दुपारी जेवण, मध्ये मधुमेहाच्या नव्या गोळीची ८० पानी स्लाइड. या विषयावर तासभर बोलणं झालं, असं मी पुण्यात फार क्वचित पाहिलं. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती संरक्षण कायद्याच्या १५ व्या कलमात डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार करा असं लिहिलेलं आहे. आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने एमबीबीएसचा जो अभ्यासक्रम काढला, त्यात न्यायवैद्यकाच्या पाठात समलैंगिक स्त्रियांचे संबंध ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त पुन्हा घातले होते. ओरड झाली, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मागे घेतला. तेव्हा कुणी शिकवेल म्हणून थांबू नका.

तुमच्या दोन आठवड्यांत हार्मोनच्या पुस्तकाला हात लावायची गरज नाही. त्या मुलीला तुमच्याकडून हार्मोन नकोच आहेत. भाषेपासून सुरुवात करा. बाहेरच्या सगळ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत पहिला धडा सर्वनामांचा असतो, पण तो इंग्रजीचा धडा आहे. इंग्रजीत माणूस स्वतःबद्दल बोलताना लिंग उघड करत नाही, दुसरे त्याच्याबद्दल बोलतात तेव्हा अडचण येते. आपल्याकडे ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे तोंड उघडल्याबरोबर ठरवावं लागतं. शाळेत, रिक्षात, आजीशी फोनवर, दिवसातून शंभर वेळा.

ही मुलं त्यातून वाट काढतात आणि ती वाट ऐकायला शिकलं पाहिजे. मराठीत लिंग न सांगताही खूप बोलता येतं. ‘मला वाटतं’, ‘मला जायचंय’, ‘मी उद्या येईन’, ‘मी जेवण केलं’, यात काहीच कळत नाही. दहा मिनिटं एखादं मूल असंच बोलत राहिलं आणि ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ एकदाही म्हणालं नाही, तर मी कान टवकारते. निदान मात्र करत नाही. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली-बायका ‘मी आलो, मी जातो’ असंच बोलतात. एका रेसिडेंटने इचलकरंजीच्या मुलीच्या केसपेपरवर केवळ तेवढ्यावरून प्रश्नचिन्ह काढलं होतं. आईने ते वाचलं आणि तिथेच हसत सुटली.

तुम्हालाही ती वाट वापरता येते. ‘कशी आहेस’ऐवजी ‘काय म्हणणं आहे?’, ‘झोप लागते का?’, ‘काय खाल्लंस?’ असे प्रश्न सहज जमतात. मग एकदा सरळ विचारा, “तुझ्याशी बोलताना ‘आलास’ म्हणू का ‘आलीस’? आणि आईसमोर काय म्हणू?” दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. दवाखान्यात ‘आलास’ म्हटलेलं आवडेल, पण आईच्या कानावर गेलं तर घरी रात्री मार पडेल, अशी कितीतरी मुलं आहेत. मराठीत नपुंसकलिंग आयतं आहे, मूल, ते, आलं. मी या लेखात शक्य तिथे तेच वापरते आहे. पण चौदा वर्षांच्या माणसाला ‘ते आलं’ म्हणवून घ्यायला अजिबात आवडत नाही, हेही सांगून ठेवते.

यानंतर शर्टाच्या आतलं. छाती दिसू नये म्हणून मुलं क्रेप बँडेज गुंडाळतात. पायाच्या मुरगळीसाठी घरात आणलेलंच असतं. गेल्या जुलैत ढोलाच्या सरावात एक मूल चक्कर येऊन पडलं म्हणून माझ्याकडे आणलं. घरच्यांना वाटलं ॲनिमिया. स्टेथोस्कोप लावायला शर्ट वर केला तर बगलेपासून बरगड्यांपर्यंत तीन वेढे, खाली घामाने कातडी सोललेली. क्रेप बँडेज श्वासासोबत सैल होत नाही, आवळतच जातं. त्याऐवजी घट्ट स्पोर्ट्स ब्रा किंवा यासाठीच शिवलेला बाइंडर, तोही दिवसात आठ तासांहून जास्त नाही, झोपताना नाही, ढोल वाजवताना नाही. एवढं सांगितल्यावर त्या मुलाचा चेहरा बदलला. ‘काढून टाक’ असं न म्हणता कुणी पहिल्यांदाच ‘असं घाल’ म्हणालं होतं. पथकात त्याला का राहायचं होतं तेही मग कळलं. सगळ्यांना एकच पांढरा कुर्ता, एकच फेटा. वर्षातले दहा दिवस कुणी विचारत नाही तू कोण.

तिसरं, गुप्तता. किशोरवयीन मुलाशी एकट्याने बोलायची सवय आपल्याला नसते, कारण आई-वडील खुर्ची सोडत नाहीत. मी पहिल्याच भेटीत सगळ्यांसमोर सांगते, “आधी सगळे मिळून बोलू, मग दहा मिनिटं आम्ही दोघं, मग पुन्हा सगळे.” आणि मुलाला सांगते की दोन गोष्टी मी पोटात ठेवू शकत नाही. जिवावर बेतणारं काही असेल तर घरच्यांना सांगणार. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. हे आधी सांगितल्याने मुलं गप्प होतील अशी भीती होती. उलट जास्त बोलतात.

निदानाची घाई तुम्ही करायची नाही. डीएसएम-५ या मनोविकारांच्या अमेरिकन यादीत (२०१३) ‘जेंडर डिस्फोरिया’, म्हणजे जन्माचं लिंग आणि मनातलं लिंग न जुळण्याचा त्रास, म्हणायला तो किमान सहा महिने असायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीने, जी २०२२ पासून लागू आहे, यासंबंधीचं निदान मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेलं आहे. दोन्ही नीट वाचा, अर्धा तास लागतो. पाठवायचं ते किशोरवयीनांशी बोलण्याची सवय असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे, आणि फोन करून आधी विचारा, की तुम्ही अशी मुलं पाहता का? ‘पाठवून द्या, सरळ करतो’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

आणि हो, दुसऱ्या शनिवारी ओपीडी संपल्यावर आम्ही आठजण माझ्याच वेटिंग रूममध्ये बसतो. क्रेडिट पॉइंट नाहीत, चहा आहे. एकजण डॉक्टर, एकजण आई, एकजण मूल होतो आणि वीस मिनिटं संवाद करतो. गेल्या वेळी एक ज्येष्ठ सर्जन मूल झाले होते. डॉक्टरने चौथ्यांदा “पण तुला खात्री आहे का?” विचारल्यावर ते खरोखर चिडून उठून गेले. तुम्ही या.

प्रश्न : माझं मूल सोळा वर्षांचं आहे, जन्माने मुलगी. एका डॉक्टरांनी ‘स्त्री-हार्मोन कमी पडतंय’ म्हणून तीन महिने गोळ्या दिल्या आणि रोज पंजाबी ड्रेस घालायला लावा म्हणाले. नंतर एका समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “आजपासून मुलगा म्हणून स्वीकारा, नाहीतर मूल गमवाल.” मी चिंचवडला राहते, नोकरी करते, रात्री झोप लागत नाही. दोघांपैकी कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको, ताई. दोघांनाही घाई होती, फक्त दिशा वेगळ्या.

गोळ्या आधी. या मुलांच्या रक्तातले हार्मोन बहुतेक वेळा वयाप्रमाणे अगदी नॉर्मल असतात. ‘मी कोण’ हे सांगणारी रक्ताची तपासणी नाही, सोनोग्राफी नाही, एमआरआय नाही. पीसीओडीमुळे कुणी मुलगा होत नाही. पंधरा वर्षं उलटूनही पाळी सुरूच झाली नसेल किंवा शरीराच्या तपासणीत काही वेगळं दिसलं तर मात्र एंडोक्रिनॉलॉजिस्टला (हार्मोनतज्ज्ञाला) दाखवा, पण तो वेगळा विषय आहे. मन बदलण्यासाठी हार्मोन देणं हे औषध नव्हे. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या एका खटल्यातून हा प्रश्न वर आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सगळ्या राज्य कौन्सिलांना कळवलं की असे ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तुम्ही तक्रार करू शकता. करायचीच असा माझा आग्रह नाही, पण चिठ्ठ्या जपून ठेवा.

आता समुपदेशकांचं वाक्य. ते मी फार ठिकाणी ऐकते आणि मला त्याची चीड आहे. आई-वडिलांच्या छातीवर मरणाची भीती ठेवून घेतलेली संमती ही संमती नसते. जिवाला धोका आहे का, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो वेगळा विचारायचा असतो, सरळ शब्दांत. “कधी मरावंसं वाटतं का? हाताला कापून घेतलंस का?” विचारल्याने मनात कल्पना येत नाही, आधीच असेल तर बाहेर येते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे. रात्र असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, मराठीत बोलतात. त्या उपचाराला लिंगाचा प्रश्न सुटेपर्यंत थांबायचं नसतं. नैराश्य, चिंता, शाळेतली छळवणूक, कधी लक्षात न आलेला ऑटिझम, हे सगळं या मुलांत पुष्कळदा सोबत असतं आणि ‘लिंगाचा प्रश्न’ अशी चिठ्ठी लागली की डॉक्टर बाकीचं पाहायचंच विसरतात.

तुम्ही पत्रात लिहिलंय की पाळीच्या चार दिवसांत सगळ्यात जास्त रडणं होतं, शाळा बुडते. याला आजच मदत आहे. पाळी लांबवायच्या किंवा थांबवायच्या गोळ्या-इंजेक्शनं असतात, औषध थांबवलं की पाळी परत येते. स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोला, स्वतःहून मेडिकलमधून आणू नका. रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती, मायग्रेन वगैरे विचारूनच द्यायच्या असतात. गंमत अशी की गौरी-गणपतीच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलायला हीच गोळी आपण वर्षानुवर्षं बिनबोभाट देत आलो. तेव्हा कुणाच्या कपाळावर आठी नाही. एखादं मूल ‘मला हे सहन होत नाही’ म्हणालं की मात्र आमची तत्त्वं जागी होतात.

नाव, कपडे, केस यांबद्दल घरात काय करायचं ते मुलाशी बोलून ठरवा. केस कापले म्हणून काही ठरत नाही, केस पुन्हा वाढतात. पंजाबी ड्रेस कपाटात ठेवून द्या.

प्रश्न : मी मानसोपचार विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतो आहे. पुस्तकात एक, वॉर्डमध्ये एक, आणि सरांच्या तोंडी तिसरंच. एक सर म्हणतात डब्ल्यूपॅथचं (ट्रान्सजेंडर आरोग्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांची जागतिक संघटना) पाळा, दुसरे म्हणतात ब्रिटनने सगळं बंद केलं. परीक्षेत काय लिहू आणि पेशंटला काय सांगू?

उत्तर : दोन्ही सर अर्धं बरोबर सांगतात. इतिहास थोडक्यात पाहू, कारण त्याशिवाय गुंता सुटत नाही. लवकर येणारं वयात येणं थांबवण्यासाठी १९८० च्या दशकापासून जीएनआरएच ॲनालॉग वापरतात. आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ सुरू झालेल्या मुलींना ते मीही दिले आहेत. ॲमस्टरडॅमच्या गटाने तेच औषध या मुलांसाठी वापरलं, ढोबळ वयं १२ ला थांबवणं, १६ ला हार्मोन, १८ नंतर शस्त्रक्रिया. ते गट लहान, निवडलेले, वर्षानुवर्षं पाहिलेले होते. मग तो नमुना जगभर गेला, पण निवड आणि वर्षानुवर्षं पाहणं तेवढं सगळीकडे गेलं नाही. एंडोक्राइन सोसायटीची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ ची, डब्ल्यूपॅथची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०२२ ची. दोन्ही या उपचारांना काळजीपूर्वक मूल्यमापनानंतर जागा देतात. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१८ चं धोरण २०२३ मध्ये कायम ठेवलं, पण त्याच वेळी पुराव्यांचा पद्धतशीर आढावा घ्यायचंही ठरवलं. दुसरीकडे फिनलंडने २०२० मध्ये आणि स्वीडनने २०२२ मध्ये हात आखडता घेतला. ब्रिटनमध्ये डॉ. हिलरी कॅस या बालरोगतज्ज्ञांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला, त्याच्या आधीच्या महिन्यात तिथल्या सरकारी सेवेने वयात येणं थांबवणारी औषधं सरसकट देणं थांबवलं होतं.

म्हणजे ‘सगळं बंद’ नाही. मुलांना पाहणं, त्यांच्याशी बोलणं बंद झालेलं नाही. कॅस अहवालातलं आपल्या उपयोगाचं माझ्या मते औषधांच्या वादात नाहीच. तिथल्या साध्या डॉक्टरांना ही मुलं पाहायची भीती वाटत होती, ‘हे तज्ज्ञांचं काम’ म्हणून ते पुढे ढकलत होते, आणि रांगेत मुलं वर्षानुवर्षं कुणीच न पाहता वाढत होती. हे वाचताना मला आपलीच ओपीडी दिसली. आपल्याकडे तर रांगही नाही.

या उपचारांबद्दल ‘पुरावा कमी दर्जाचा’ असं जे म्हणतात, त्या शब्दांवर जरा थांब. ही प्रतवारीची परिभाषा आहे. ‘औषध घातक ठरलं’ असा तिचा अर्थ नाही, आणि ‘उपयोगी ठरलं’ असाही नाही. उत्तर बदलू शकेल इतकी माहिती अपुरी आहे, एवढंच. बालरोगात आपण कितीतरी गोष्टी अशाच पुराव्यावर करतो. फरक असा की इथे पणाला लागलेलं मोठं आहे. वयात येणं थांबतं हे नक्की. त्या काळात हाडांची घनता वाढायची तितकी वाढत नाही हेही दिसतं. फार लवकर थांबवून पुढे हार्मोन दिले तर मूल होण्याची शक्यता उणावते, हे बारा वर्षांच्या मुलाला समजावून सांगणं कुणाला साधतं? मला नाही साधत. पुढे वीस वर्षांनी मन कसं असेल, याचं खात्रीचं उत्तर माझ्याजवळ नाही.

अमेरिकेतल्या बातम्या वाचून गोंधळू नकोस. १८ जून २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अठराच्या आतल्या मुलांना हे उपचार देण्यावरची टेनेसी राज्याची बंदी सहा विरुद्ध तीन अशी कायम ठेवली. तो निकाल राज्याला असा कायदा करता येतो का यावरचा आहे. औषध चांगलं की वाईट, यावरचा नाही.

परीक्षेत दोन्ही बाजू वर्षांसकट लिही, परीक्षक कुणीही असो. पेशंटला काय सांगायचं? मी अठराच्या आत हार्मोन सुरू करत नाही आणि तसं पहिल्या भेटीत सांगते. मूल नाराज होतं. मग मी विचारते, अठरा व्हायला तुला किती दिवस आहेत, आणि तोवर कशाचा त्रास सगळ्यात जास्त होतो? पाळी, शाळेचा स्कर्ट, पोहण्याचा तास, हजेरीतलं नाव. यातलं बहुतेक सगळं औषधाशिवाय हलतं. एका शाळेत मुख्याध्यापिकांना फोन केला, त्यांनी सगळ्याच मुलींना ट्रॅक पँटची मुभा दिली. पुढच्या महिन्यात निम्मा वर्ग ट्रॅक पँटमध्ये होता.

आणि एक विचारत जा, खालच्या आवाजात, आरोप न करता: “मेडिकलमधून काही आणून घेतोस का? ऑनलाइन मागवलंयस का?” गर्भनिरोधक गोळ्यांची अर्धी पाकिटं दप्तरात घेऊन फिरणारं मूल मी पाहिलं आहे. आपण दार बंद केलं की ते खिडकीतून जातात, आणि खिडकीत डॉक्टर नसतो.

प्रश्न : मी निवृत्त सर्जन, वय ७९. आमच्या काळी हा विषय कधी शिकवला नाही. नात सतरा वर्षांची, आता वेगळं नाव सांगते. सून म्हणते नवं नाव घ्या, मुलगा म्हणतो लाड पुरे. मी हाक काय मारू? लहानपणापासून तिला ‘राजा’ म्हणत आलो.

उत्तर : सर, ‘राजा’ चालू ठेवा. मराठी आजोबांनी नातींना कायमच ‘अरे राजा, इकडे ये’ म्हटलं आहे, त्यात तुमचं कुणी काही काढणार नाही. बाकी क्रियापदाचं त्यालाच किंवा तिलाच विचारा, सुनेला किंवा मुलाला नको. चुकलं तर ‘सॉरी राजा’ म्हणून पुढे बोला, चुकीवर भाषण नको. मुलाशी वाद घालू नका. त्याच्याबरोबर एखाद्या संध्याकाळी तळजाईवर फिरायला जा, तो घाबरलाय एवढंच आहे. आणि दिवाळीच्या पाकिटावर कोणतं नाव लिहायचं हे वसुबारसेच्या आधी विचारून घ्या.